गोळी केंद्रातून मिळते, इलाज घरात होतो: एचआयव्हीसह जगणारी मुलं आणि आपली कुटुंबं

काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गातला एक मुलगा दर महिन्याला ठरल्यासारखा एक दिवस गैरहजर राहायचा. आम्ही रजेचा अर्ज मागितला. अर्जात कारण नव्हतं, म्हणून वर्गातच, सगळ्यांसमोर विचारलं. मुलगा मान खाली घालून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्याची नानी शाळेच्या व्हरांड्यात आली आणि हात जोडून म्हणाली, "सर, महिने का एक दिन माफ कर दो. वजह मत पूछो."

वजह पुढे बऱ्याच दिवसांनी, तिच्याच तोंडून कळली. मुलाचे आई-वडील दोघंही वारले होते. मूल जन्मापासून एचआयव्हीसह जगत होतं आणि तो एक दिवस औषध आणायचा होता. भर वर्गात कारण विचारलं ही आमची चूक होती, ती इथे कबूल करतो. त्या नानीमुळेच हा लेख लिहावासा वाटला. सटाणा, नामपूर, ताहाराबाद, देवळा, मालेगाव, कुठेही असं मूल एखाद्या घरात असू शकतं. त्याची काळजी कशी घ्यायची, कायदा काय म्हणतो, मदत कुठे मिळते, हे आपल्या माणसांना आपल्या भाषेत माहीत असावं.

कुटुंबकेंद्री काळजी म्हणजे काय?

मुलांना एचआयव्ही बहुतेक वेळा आईकडून होतो: गरोदरपणात, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून. म्हणजे एका मुलाची तपासणी 'पॉझिटिव्ह' आली की प्रश्न त्या एका मुलापुरता राहत नाही. आईची तब्येत कशी आहे? वडिलांची तपासणी झाली का? मोठी बहीण, धाकटा भाऊ? आई आजारी पडली तर गोळी कोण देणार?

म्हणून डॉक्टर आणि समुपदेशक सगळ्या घराचा एकत्र विचार करतात. आई आणि मुलाची तारीख शक्यतो एकाच दिवशी द्यायची, भावंडांची तपासणी करायची, मुलाला सांभाळणाऱ्या माणसाला औषध नीट समजावून सांगायचं, त्या माणसाच्याही तब्येतीची विचारपूस करायची. यालाच कुटुंबकेंद्री काळजी म्हणतात.

सरकारी केंद्रात औषध फुकट मिळतं. भारतात मोफत एआरटी १ एप्रिल २००४ पासून सुरू झाली आणि मुलांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६ च्या अखेरीस आला. पण केंद्रात मूल महिन्यातून एखादा दिवस जातं. उरलेले दिवस ते आपल्या घरात असतं. इलाज खरा तिथेच होतो किंवा तिथेच बिघडतो.

सुरुवात गरोदरपणापासून

प्रत्येक गरोदर बाईची एचआयव्ही तपासणी व्हायला हवी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. सुनेची तपासणी म्हणजे तिच्या चारित्र्यावर शंका, असं काही घरांत अजून मानलं जातं. हा गैरसमज सोडून द्यावा. पुष्कळ बायकांना हा विषाणू नवऱ्याकडूनच आलेला असतो, आणि आधी त्यांचीच तपासणी झाली म्हणून दोषही त्यांच्याच माथी बसतो.

तपासणीचा फायदा किती मोठा आहे ते आकड्यांतून दिसतं. काहीच इलाज केला नाही तर आईकडून बाळाला संसर्ग होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं. आईला वेळेवर औषध सुरू झालं आणि बाळालाही जन्मापासून काही आठवडे प्रतिबंधक औषध दिलं, तर हेच प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली येतं. म्हणजे एचआयव्ही असलेल्या आईचं मूल पूर्ण निरोगी असू शकतं, आणि बहुतेक वेळा असतंच.

दुधाबद्दल घरोघरी घोळ होतो. भारतातल्या सरकारी मार्गदर्शनानुसार आई औषधावर असेल तर पहिले सहा महिने बाळाला फक्त अंगावरचं दूध द्यावं. मध, घुट्टी, पाणी, वरचं दूध काही नको. जन्मल्यावर मध चाटवायची पद्धत असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून घ्या. सहा महिन्यांनंतर वरचा आहार सुरू करायचा. दूध कधी तोडायचं ते डॉक्टर सांगतील.

आईच्या रक्तातली प्रतिपिंडं बाळाच्या अंगात काही महिने राहतात. त्यामुळे नेहमीची तपासणी दीड वर्षाच्या आत खात्रीची नसते. म्हणून बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन वेगळी चाचणी करतात: सहाव्या आठवड्यात, मग ६ महिन्यांनी, १२ महिन्यांनी, आणि शेवटची पक्की तपासणी १८ महिन्यांनी. "पहिली निगेटिव्ह आली, आता कशाला जायचं?" असं म्हणून पुढच्या तारखा सोडू नका. दूध चालू आहे तोवर धोका संपलेला नसतो. आणि संसर्ग निघालाच तर औषध लगेच सुरू व्हायला हवं. इलाज न मिळालेल्या बाळांपैकी जवळपास निम्मी दोन वर्षांची व्हायच्या आत दगावतात. इलाज मिळालेली मुलं शाळेत जातात, दहावी-बारावी होतात, नोकरीला लागतात.

रोजची गोळी

एआरटीच्या औषधानं विषाणू मरत नाही, पण त्याची वाढ थांबते. औषध चुकत राहिलं तर विषाणू त्या औषधाला सरावतो आणि मग ते लागू पडत नाही. म्हणून केंद्रात '९५ टक्के' हा शब्द वारंवार ऐकू येतो. साधा हिशेब बघा: रोज एक गोळी असेल तर महिन्याला ३० गोळ्या. त्यातल्या दोन चुकल्या की आपण ९५ टक्क्यांच्या खाली गेलो.

लहान मुलांसाठी पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या मिळतात. मुलाचं वजन वाढतं तसा डोस बदलतो, म्हणून दर वेळी मुलाला सोबत न्यावं. "मूल शाळेत आहे, औषध माझ्याकडे द्या" असं करू नये. नव्या औषधांपैकी काही लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्यांसोबत घेतली तर त्यांचा परिणाम कमी होतो. दुसरा कुठलाही डॉक्टर काही देत असेल तर केंद्रात विचारून घ्या.

वरच्या नानीला घड्याळ वाचता येत नव्हतं. ती इशाची अजान झाली की गोळी द्यायची. युक्ती चांगली होती, पण इशाची वेळ उन्हाळा-हिवाळ्यात तासाभरानं पुढेमागे होते. शेवटी तिच्या नातवानंच मोबाइलमध्ये गजर लावून दिला. घरात गोळी देणारी माणसं दोन असावीत, एक मुख्य आणि एक जोडीला. शादीला, उरुसाला, मामूकडे जाताना दोन-तीन दिवसांच्या गोळ्या जास्तीच्या सोबत ठेवाव्यात.

औषध लागू पडतं आहे का, हे व्हायरल लोडच्या तपासणीतून कळतं. इलाज सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी, बारा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा ती होते, मोफत होते. मूल गुटगुटीत दिसतं म्हणून ती टाळू नका. खोकला, ताप, वजन घटणं, घरात कुणाला टीबी, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी सांगा. एचआयव्ही असलेल्या मुलांना टीबीचा धोका मोठा असतो.

कुणी तावीज, जडीबुटी किंवा काढा देऊन "हा रोग मुळापासून घालवतो" म्हणत असेल, तर त्याच्या नादी लागून गोळी बंद करू नका. दुआ जरूर करा, पण दवा चालू ठेवून.

रमजान, खतना आणि घरातल्या गोष्टी

नाबालिग मुलावर रोजा फर्ज नाही आणि आजारी माणसाला सवलत आहे, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. तरी घरातली सगळी मुलं रोजा धरतात तेव्हा हे मूल हट्ट करतं. दिवसातून एकच गोळी असेल तर ती इफ्तारनंतर किंवा सहरीला घेता येते का, ते रमजान लागायच्या आधी डॉक्टरांना विचारून ठरवा. सकाळ-संध्याकाळ औषध असेल, वजन कमी असेल किंवा टीबीचा इलाज चालू असेल तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय रोजा नको. आणि इतरांसमोर "तू का नाही धरला?" असा सवाल त्याला करू नका.

खतना दवाखान्यात, निर्जंतुक अवजारांनीच करावा. हा नियम सगळ्याच मुलांना लागू आहे. एकाच वस्तऱ्यानं ओळीनं पाच मुलांचा खतना करायची पद्धत कुठे उरली असेल तर ती बंद व्हायला हवी. कान टोचतानाही सुई नवीनच हवी.

एका ताटात जेवल्यानं, एकाच ग्लासातून पाणी प्याल्यानं, वजूखान्यात, संडासात, मिठी मारल्यानं, डास चावल्यानं एचआयव्ही होत नाही. या मुलाचं ताट-वाटी वेगळं काढणं, अंथरूण वेगळं घालणं याला कुठलाही वैद्यकीय आधार नाही. त्यातून फक्त मुलाचं मन मोडतं. जखम झाली तर रक्ताला उघडा हात लावू नये, हातमोजा किंवा स्वच्छ प्लास्टिकची पिशवी वापरून जखम धुवावी. हीसुद्धा सगळ्यांच मुलांसाठीची सवय आहे. वस्तरा, ब्लेड, दात घासायचा ब्रश ज्याचा त्याचा असावा.

खाण्यात वेगळं काही लागत नाही. डाळ, अंडी, खिचडा, भाजी, फळं, स्वच्छ पाणी. आपल्या बागलाणात डाळिंब, द्राक्षं, कांदा पिकतो. महागड्या पावडरी घ्यायची गरज नाही.

मुलाला कधी सांगायचं?

घरातले मोठे इथे सगळ्यात जास्त घाबरतात. "तुझं रक्त कमी आहे", "तुला दम्याची गोळी आहे", असं सांगून वर्षं काढली जातात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये सल्ला दिला की शाळकरी वयाच्या, म्हणजे साधारण ६ ते १२ वर्षांच्या मुलांना त्यांच्या समजेप्रमाणे खरं सांगावं.

एका दिवसात सगळं सांगायचं नसतं. सहा-सात वर्षांच्या मुलाला एवढंच पुरे: "तुझ्या अंगात एक जंतू आहे, तो झोपलेला राहावा म्हणून ही गोळी." नऊ-दहाव्या वर्षी जंतू म्हणजे काय, गोळी चुकली तर काय होतं, ते सांगा. नाव त्यानंतर, समुपदेशकाच्या मदतीनं. मुलाला ते घरच्यांकडून कळावं. एखाद्या भांडणात चाचीच्या तोंडून किंवा फाइलवरची अक्षरं वाचून कळलं तर ते मूल घरावरचा भरवसा गमावतं. तेराव्या-चौदाव्या वर्षी "मी आता गोळी घेत नाही" म्हणून अडून बसणाऱ्या मुलांत अशी मुलं असतात, ज्यांच्याशी घरात कुणी खरं बोललेलंच नसतं.

मूल विचारेल: "अम्मीमुळे झालं का?" उत्तर ठरवून ठेवा. "अम्मीला माहीत नव्हतं. माहीत असतं तर तिनं तुला जपलं असतं." मेलेल्या माणसाचे ऐब मुलासमोर काढू नका. गीबत मेलेल्या भावाचं मांस खाण्यासारखी का सांगितली आहे, ते अशा घरात बसल्यावर कळतं.

मोठं झाल्यावर निकाहचा प्रश्न येतोच. औषध नीट घेऊन व्हायरल लोड सापडण्याइतकाही उरला नाही, तर शारीरिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही, हे आता वैद्यकशास्त्रानं मान्य केलं आहे. अशा जोडप्यांना निरोगी मुलंही होतात. पण निकाहच्या आधी समोरच्याला खरं सांगणं ही अमानत आहे. ते लपवून केलेला रिश्ता दोन घरं मोडतो.

शाळा आणि मकतब

२००९ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या हासेगावात 'सेवालय' या संस्थेतली एचआयव्हीबाधित मुलं शाळेत बसण्यावरून मोठा वाद झाला. काही पालकांनी आपली मुलं शाळेत पाठवणंच थांबवलं. रवी बापटले यांनी ही संस्था त्याच्या दोनच वर्षं आधी उभी केली होती. त्या काळात असा कायदा नव्हता. आता आहे.

एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार एचआयव्हीमुळे कुणालाही शाळेत प्रवेश नाकारता येत नाही, वेगळं बसवता येत नाही, काढून टाकता येत नाही. दवाखान्यात इलाज नाकारता येत नाही. कुणाला स्वतःची स्थिती उघड करायची सक्ती करता येत नाही. म्हणजे शाळेला सांगायचं की नाही, हे पालकांनी ठरवायचं. सांगायचंच असेल तर विश्वासाच्या एका शिक्षकाला सांगा, आणि त्यानं ते स्वतःपुरतंच ठेवावं. भेदभाव झाला तर राज्यानं नेमलेल्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्यावर ३० दिवसांत, तातडीच्या वैद्यकीय बाबतीत २४ तासांत निर्णय द्यायचा असतो.

महाराष्ट्रात आरटीईच्या २५ टक्के प्रवेशांसाठी एचआयव्हीबाधित आणि एचआयव्हीप्रभावित मुलं 'वंचित घटकात' येतात आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही.

आमच्या शिक्षक भाऊ-बहिणींना, आणि मकतबच्या मौलवीसाहेबांनाही, एक विनंती. एखादं मूल महिन्यातून एक दिवस येत नसेल तर कारण चारचौघांत विचारू नका.

यतीम मुलाचा हक्क

यतीमचा माल खाण्याबद्दल कुरआनात किती कडक ताकीद आहे, ते आपण जुम्याच्या बयानात ऐकतो. प्रश्न आपल्या घरात येतो तेव्हा मात्र विसरतो. मुलगा वारला की सुनेला आणि नातवाला माहेरी धाडलं जातं. "हा रोग तिनंच आणला," असं म्हणून हिस्सा बुडवला जातो.

शरीअतप्रमाणे मुलं असलेल्या बेवेचा नवऱ्याच्या मालमत्तेत आठवा हिस्सा आहे आणि मुलांचे हिस्से ठरलेले आहेत. आजारामुळे ते कमी होत नाहीत. वर सांगितलेल्या २०१७ च्या कायद्यानं एचआयव्हीबाधित किंवा प्रभावित बाई आणि मूल यांना राहत्या घरातून हुसकावता येत नाही.

एक गोष्ट दादा-दादींनी ध्यानात घ्यावी. दादाच्या आधी मुलगा वारला आणि दादाचे दुसरे मुलगे हयात असले, तर नातवाला दादाच्या मिळकतीत आपोआप हिस्सा मिळत नाही. दादाला नातवासाठी काही ठेवायचं असेल तर जिवंतपणी हिबा करता येतो किंवा एक तृतीयांशपर्यंत वसीयत करता येते. "चाचा बघतील" यावर सोडू नका. लिहून ठेवा.

आई-वडील दोन्ही नसलेल्या घरात कधी मोठी बहीणच घर चालवते. कायद्याच्या ३२व्या कलमानुसार १२ वर्षांवरचं समजूतदार भावंड, १८ वर्षांखालचं असलं तरी, धाकट्यांच्या शाळाप्रवेशासाठी, इलाजासाठी, बँक खात्यासाठी पालक म्हणून उभं राहू शकतं.

आर्थिक मदतीचे रस्ते असे:

• बालसंगोपन योजना: आई-वडील नसलेल्या किंवा आजारानं हतबल झालेल्या घरातल्या मुलांसाठी दरमहा २,२५० रुपये. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयामार्फत, निर्णय बालकल्याण समितीचा.

• संजय गांधी निराधार अनुदान योजना: गरजू एचआयव्हीबाधितांसाठी दरमहा १,५०० रुपये. अर्ज सटाण्याच्या तहसील कार्यालयात.

• एसटी प्रवास: एचआयव्हीबाधितांना सवलत आहे. प्रमाणपत्राबद्दल एआरटी केंद्रात विचारा. बसमध्ये पास दाखवायला लाज वाटते म्हणून काही घरं पदरचे पैसे घालतात. त्यांच्यासाठी जमातीच्या बैतुलमालमधून महिन्याचं भाडं, कारण न विचारता, देता येईल का, याचा विचार आपल्या मशिदींच्या ट्रस्टींनी करावा.

संस्था कधी?

पंढरपूरच्या मंगलताई शहा यांना २००१ मध्ये गोठ्यात टाकून दिलेल्या दोन चिमुकल्या बहिणी सापडल्या. आई-वडील एड्सनं गेले होते, आणि नातेवाईक सांभाळायला तयार नव्हते. त्या दोघींपासून 'पालवी' सुरू झाली. बीडजवळच्या पाली इथे दत्ता आणि संध्या बारगजे यांचं 'इन्फंट इंडिया', हासेगावचं 'सेवालय', पुण्याचं 'मानव्य' याच कामात आहेत. या माणसांनी जे केलं त्याला तोड नाही. पण ही प्रत्येक संस्था उभी राहिली कारण कुठल्यातरी घराचं दार बंद झालं होतं. खाला, फुफी, नानी, चाचा यांपैकी एक जरी माणूस "हे आमचं मूल आहे" म्हणाला असता तर त्या मुलाला आपल्या घरी वाढता आलं असतं. संस्था ज्यांचं खरंच कुणी नाही त्यांच्यासाठी असाव्यात.

सटाण्यातून कुठे जायचं?

आधी ग्रामीण रुग्णालयात जाऊन एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशनाबद्दल विचारा. एआरटी केंद्र नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात आहे. त्याहून जवळ कुठे औषध मिळू शकतं, तेही समुपदेशकाला विचारून घ्या. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात मुलांच्या एचआयव्हीसाठी विशेष केंद्र आहे. गुंतागुंत वाढली तर तिकडे पाठवतात. फोनवर नाव न सांगता विचारायचं असेल तर १०९७ हा राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे.

ती नानी आता थकली आहे, पण नातू गोळी स्वतः घेतो. मध्यंतरी ती सटाण्याच्या बसस्टँडवर भेटली. आम्ही विचारलं, आता औषधाला कोण जातं? म्हणाली, "वही जाता है. और मेरी बीपी की गोली भी वही याद दिलाता है."